आवडलेला गेम मित्राच्या गळ्यात मारण्याआधी

वाचकाचं पत्र, थोडक्यात

तिशीतले एक वाचक लिहितात : आम्ही कॉलेजपासूनचे पाच मित्र. तिघांकडे पीएस ५ (प्लेस्टेशन ५), एकाकडे एक्सबॉक्स सिरीज एस, आणि एक अजून पीएस ४ वरच आहे. ग्रुपमध्ये गेमिंगचा जाणकार म्हणून मलाच विचारतात. एल्डन रिंग मी अक्षरशः मागे लागून दोघांना घ्यायला लावला. पीएस ५ वाल्या एकाने जवळपास चार हजार रुपये मोजून डिजिटल घेतला आणि चौथ्या दिवशी सोडला. तेव्हापासून मी कुठल्याही गेमचं नाव काढलं की 'हा कितीला पडणार?' असा टोमणा ठरलेला. एक्सबॉक्सवाल्याला 'आपण एकत्र खेळू' म्हटलं होतं. त्याने घेतल्यावर कळलं की तसं खेळताच येत नाही. रेड डेड रिडेम्प्शन २ भारी की विचर ३, यावरून दर शनिवारी भांडण होतं, कुणीतरी गुणांचा स्क्रीनशॉट टाकतो आणि कुणीतरी ग्रुप म्यूट करतो. आता पीएस ५ वाल्या दुसऱ्या मित्राचं नुकतंच लग्न झालंय. बायकोबरोबर खेळायला कोणता गेम घेऊ, असं त्याने मलाच विचारलं आहे. तिने आजवर कंट्रोलर हातात धरलेला नाही. सांगू, की 'तुझं तू बघ' म्हणून मोकळा होऊ? ज्याचे पैसे गेले त्याला निम्मे द्यावेत का? आणि ज्यांना चांगला गेम कळतच नाही, त्यांना सुचवण्यात अर्थ तरी आहे का?

उत्तर

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचा घोळ तिथूनच झाला आहे. एल्डन रिंग थोर गेम आहे. २०२२ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये तो वर्षातला सर्वोत्तम गेम ठरला आणि ते रास्तच होतं. पण तो खेळणाऱ्याकडून काय काय मागतो तेही बघा. सरावलेल्या माणसाला कथा संपवायला साठेक तास लागतात, नवख्याला सहज ऐंशी. अवघडपणा कमी करायची सोय नाही. आणि नेहमीसारखं पॉजचं बटणही नाही. मेनू उघडून बसलात तरी शत्रू मारत राहतो. (मेनूतल्या मदतीत जाऊन 'मेनू एक्स्प्लनेशन' उघडलं की खेळ थांबतो, पण ही पळवाट पहिल्या आठवड्यात कुणाला सापडते?) आठवड्याला चार तास मिळणाऱ्या माणसाचे ऐंशी तास म्हणजे वीस आठवडे. गणपतीत सुरू केलेला गेम संक्रांत उलटली तरी चालूच. मित्राने चौथ्या दिवशी सोडला तो आवडला नाही म्हणून, वेळ नाही म्हणून, की दाराची बेल वाजली आणि परत येईपर्यंत मेला होता म्हणून? हे तुम्ही त्याला विचारलेलं पत्रावरून तरी दिसत नाही. गेम सोडला एवढ्यावरून त्याला गेम कळत नाही असा निकाल लावणं घाईचं आहे.

सुचवताना बहुतेक जण विचारतात, 'तुला कसले गेम आवडतात?' याचं उत्तर नेहमी 'ॲक्शन, ओपन वर्ल्ड, स्टोरी चांगली पाहिजे' असं येतं आणि त्याचा काडीचा उपयोग होत नाही. त्याऐवजी विचारा : तू शेवटचा कोणता गेम अर्ध्यावर सोडलास, आणि नेमका कुठे? इथे माणसं खरं बोलतात.

समजा उत्तर आलं, 'रेड डेड २, त्या बर्फातच कंटाळलो.' म्हणजे त्याला संथ सुरुवात सोसत नाही. त्याला पहिल्या दहा मिनिटांत हाताला काम देणारा गेम सांगा. २०१८ चा स्पायडर-मॅन सुरू होताच इमारतींमधून झोके घ्यायला लावतो आणि मुख्य कथा सतराएक तासांत आटोपते. 'विचर ३, महिनाभराने परत उघडला तर कुठलं बटण कशाला तेच आठवेना' असं म्हणाला, तर दोष गेमचा नाही आणि त्याचाही नाही. त्याच्या खेळण्यात खंड पडतो. मोठ्या आरपीजी (विचरसारखे लांबलचक भूमिका-खेळ) त्याला सुचवूच नका. हेडीस सांगा : एक फेरी साधारण अर्ध्या तासाची, हवं तिथे पॉज, आणि पंधरा दिवसांनी उघडला तरी दोन खोल्यांत हात बसतो. त्यात 'गॉड मोड' नावाची सोय आहे. ती चालू केली की सुरुवातीला इजा २० टक्के कमी होते, आणि प्रत्येक वेळी मेल्यावर आणखी २ टक्के, अशी ८० टक्क्यांपर्यंत. ती वापरणाऱ्याला ग्रुपमध्ये हसू नका, एवढं पथ्य तुमच्याकडून.

'फर्स्ट पर्सनमध्ये (पात्राच्या डोळ्यांतून दिसणाऱ्या गेममध्ये) डोकं गरगरतं' असं उत्तर आलं, तर तो प्रकार सवयीने जाईल असं छातीठोक सांगू नका. काहींचा जातो, काहींचा नाही. कॅमेरा शेक (पडद्याचा हादरा) आणि मोशन ब्लर (हलताना चित्र पुसट होणं) बंद करून, पडद्यावर दिसणाऱ्या दृश्याचा कोन (फील्ड ऑफ व्ह्यू) वाढवून आणि टीव्हीपासून थोडं मागे बसून बघायला सांगा. तरी मळमळलं तर पात्र पाठीमागून दिसणारे थर्ड पर्सन गेमच बरे. 'इंग्रजी भराभर बोलतात, कोण कुणाचा कोण ते कळत नाही' हेही गेम सोडण्याचं एक मोठं कारण आहे, आणि ते कुणी तोंडाने कबूल करत नाही. तेव्हा सुचवताना सबटायटल चालू करून अक्षरं मोठी कर, हे तुम्हीच आपणहून सांगून टाका. पीएस ४ वर ३२ इंची टीव्हीसमोर बसणाऱ्या मित्राला तर हे आधी.

आता पैशांचं. निम्मे परत देऊ नका. एक तर तो मागत नाहीये, आणि एकदा दिलेत की पुढच्या प्रत्येक गेमला तुम्ही जामीन. पण चूक कुठे झाली ते नीट बघा. तुम्ही त्याला बेभरवशाचा गेम सुचवलात आणि त्याने तो परत न विकता येणाऱ्या स्वरूपात घेतला. डिस्क असती तर आठवड्याने सेकंडहँडमध्ये विकून बरेचसे पैसे सुटले असते. प्लेस्टेशन स्टोअरवर घेतलेल्या गेमचे पैसे १४ दिवसांत परत मागता येतात, पण डाउनलोड सुरू केलेला नसेल तरच. गेमच सदोष निघाला तर गोष्ट वेगळी. डाउनलोड तर बहुतेक जण पैसे भरल्याच्या पुढच्याच सेकंदाला सुरू करतात. म्हणून यापुढे क्रम असा ठेवा : आधी मोफत डेमो आहे का ते बघायला सांगा; मग तो गेम पीएस प्लस एक्स्ट्रा या प्लेस्टेशनच्या वर्गणीच्या यादीत आहे का, किंवा त्याहून वरच्या डिलक्स वर्गणीत त्याची ठरावीक तासांची चाचणी मिळते का; नाहीतर डिस्क, तीही शक्यतो तुमच्याच कपाटातली. डिजिटल खरेदी सगळ्यात शेवटी, सेलमध्ये. मित्राचा पीएस ५ डिस्क ड्राइव्ह नसलेला असेल तर ही उधारीची वाटच बंद होते (ड्राइव्ह वेगळा जोडता येतो तो स्लिम आणि प्रोला, पहिल्या डिजिटल मॉडेलला नाही), आणि अशा मित्राला सुचवताना हात आणखी आखडता घ्यावा. आपल्या खात्याचा पासवर्ड देऊन गेम वाटून घेणं बरेच जण करतात. ते करू नका. नियमात बसत नाही, आणि खातं अडकलं तर सगळी लायब्ररी जाते.

डिस्क उसनी देताना एक बारीक गोष्ट. रेड डेड २ च्या पीएस ४ आवृत्तीत दोन डिस्क असतात, डेटा आणि प्ले. आधी डेटा डिस्कवरून इन्स्टॉल करायचं, नंतर खेळताना कायम प्ले डिस्क आत ठेवायची. एकच डिस्क हातात पडलेला माणूस आठवडाभर तुम्हालाच फोन करत राहतो. दुसरं, मित्राच्या कन्सोलमध्ये गेम साठवायला किती जागा आहे ते विचारून घ्या. सिरीज एसवर ५१२ जीबीतली वापरायला साधारण ३६४ जीबीच मिळते आणि रेड डेड एकटा शंभरच्या वर खातो.

पैशांऐवजी त्या मित्राला एक संध्याकाळ द्या. तो ज्या टप्प्यावर अडला, तिथे एल्डन रिंगमध्ये जगभरातले नवखे अडले आहेत, आणि तिथून वाट काढता येते. त्याच्या शेजारी बसून, किंवा दुसऱ्या गावी असेल तर शेअर प्ले लावून (इंटरनेटवरून दुसऱ्याचा खेळ बघण्या-खेळण्याची सोय; एका वेळी ६० मिनिटं चालतं, मग पुन्हा जोडायचं), इतकं दाखवा :

सुरुवातीला खुर्चीत बसलेल्या आकृतीशेजारी जो खड्डा दिसतो, त्यात उडी मारायची. शिकवणीचा भाग तिथे खाली आहे आणि खड्डा म्हटल्यावर अर्धे लोक तो चुकवतात. बाहेर पडल्यावर सोनेरी चिलखतातला घोडेस्वार दिसतो, त्याच्या वाटेला जायचं नाही; त्याला लांबून वळसा घालून एलेच्या चर्चपाशी. गेटफ्रंटच्या ग्रेसपाशी (ग्रेस म्हणजे विसाव्याची जागा) विसावलं की बहुतेकदा तिथेच मेलिना भेटते आणि घोडा मिळतो. मग परत एलेच्या चर्चपाशी यायचं. तिथे एक निळसर जादूगारीण घंटा आणि लांडग्यांची राख देते, ती राख वापरली की तीन लांडगे शत्रूला गुंतवून ठेवतात. हे लांडगे न घेता किल्ल्याच्या वाटेवरच्या मार्गिट या पहिल्या मोठ्या शत्रूशी झुंजणारे नवखे हकनाक मरतात. तोवर किल्ल्याकडे फिरकायचंच नाही. दक्षिणेच्या वीपिंग पेनिन्सुलात भटकायचं, व्हिगर (अंगात किती जीव आहे तो आकडा) विसापर्यंत न्यायची, हत्यार चर्चमधल्या ऐरणीवर +३ करून घ्यायचं. त्याने रेच हा वर्ग निवडला असेल तर सरळ नवा डाव मांडा. लेव्हल १ वर, अंगावर चिंधी नि हातात सोटा घेऊन सुरुवात करायची हौस दुसऱ्यांदा खेळणाऱ्यांची. नवख्याला सामुराई किंवा लांबून मारणारा ॲस्ट्रॉलॉजर बरा.

आणि टीव्हीचा गेम मोड चालू आहे का ते बघा. हे फार कुणी बघत नाही. गेम मोड बंद असला की टीव्ही चित्रावर प्रक्रिया करत बसतो आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंत उशीर होतो. काही टीव्हींवर तो १०० मिलिसेकंदांच्या घरात जातो. सेकंदाला ६० फ्रेम्स (चित्रं) दाखवणाऱ्या गेममध्ये ते झाले ६ फ्रेम्स, आणि एल्डन रिंगमध्ये लोळण घेऊन वार चुकवायची संधीच काही फ्रेम्सची असते. मित्राला वाटतं आपले हात मंद आहेत.

एवढं करूनही त्याला नकोच असेल, तर विषय तिथेच सोडा. 'अजून दहा तास दे, मग बघ' हे वाक्य तर बोलूच नका. दहा तास म्हणजे त्याचे अडीच आठवडे.

एक्सबॉक्सवाल्याची मात्र तुम्ही माफी मागायला हवी, कारण तिथे आवडीनिवडीचा प्रश्नच नव्हता. माहिती चुकीची दिली गेली. एल्डन रिंगमध्ये पीएस ४ आणि पीएस ५ एकमेकांशी जोडले जातात, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्स जोडले जात नाहीत. शिवाय जोडता आले असते तरी तुम्हाला वाटतं तसं 'एकत्र खेळणं' झालं नसतं. पाहुण्याने जमिनीवर सोनेरी खूण करायची, यजमानाने ती बघायला एक वस्तू खर्च करायची, बॉस (टप्प्याच्या शेवटचा मोठा शत्रू) मेला की पाहुणा आपल्या जगात परत. आणि पाहुणा असेपर्यंत कुणालाच घोडा नाही. क्रॉसप्ले (वेगवेगळ्या कन्सोलांवरून एकत्र खेळणं) गृहीत धरायचाच नाही, प्रत्येक गेमसाठी आणि प्रत्येक पिढीसाठी वेगळा तपासायचा. ईए एफसी या फुटबॉल गेममध्ये क्रॉसप्ले आहे, पण एकाच पिढीच्या कन्सोलांमध्ये, म्हणजे पीएस ५ ची आवृत्ती पीएस ४ च्या आवृत्तीशी जुळत नाही. या मित्राबरोबरचं फिटवायचं असेल तर मार्च २०२५ मध्ये आलेला स्प्लिट फिक्शन बघा. दोघांनी मिळूनच खेळायचा, एकाने विकत घेतला की दुसऱ्याला फ्रेंड्स पास फुकट, आणि हा पास पीएस ५ नि एक्सबॉक्सच्या मधली भिंत ओलांडतो. विकत तुम्ही घ्या. ऑनलाइन खेळण्यासाठीचं सदस्यत्व दोन्हीकडे चालू आहे का, ते आधी बघा.

मग सुचवायचं कसं? 'मास्टरपीस आहे, घेऊन टाक' यातून समोरच्याला काहीच कळत नाही. हात बहुतेक वेळ काय करतात, गेम कितव्या तासाला उघडतो, एकूण किती तास, थांबता येतं का, आणि काय डोक्यात जातं, एवढं एका निरोपात बसतं. उदाहरणार्थ :

'रेड डेड २. निम्मा वेळ घोड्यावरून रमतगमत जाणं, मधेमधे गोळीबार. पहिलं प्रकरण बर्फात, दोनेक तास, संथ. ते संपून कुरणात तळ पडला की मग ठरव, त्याआधी सोडू नकोस. कथा पन्नास तास. डोक्यात काय जातं : बंदूक घोड्यावरच राहते, उतरताना आठवणीने घे. आणि हातात बंदूक असताना एल२ दाबलंस तर नमस्कार करायच्या जागी समोरच्यावर नेम धरला जातो, मग अख्खं गाव मागे. डिस्क माझ्याकडे आहे, दोन्ही देतो.'

यात कौतुकाचा एक शब्द नाही, तरी घ्यायचा की नाही हे मित्राला कळतं. खोट आधीच सांगितलेली असली की नंतर टोमणा मारायला जागा उरत नाही, हा आणखी एक फायदा. आपल्याकडचा म्हणून सुचवतानाही हेच मोजमाप लावा. राजी : ॲन एन्शंट एपिक हा पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला, २०२० सालचा गेम. देवळं, भिंतींवरची चित्रं, वातावरण सगळं सुरेख. पाचसहा तासांत संपतो. पण कॅमेरा आपल्या हातात नसतो, उड्या मारताना अंदाज चुकून पडायला होतं आणि शेवट अर्धवट वाटतो. हे सगळं सांगून सुचवा. नुसतं 'पुण्यात बनलाय, घेतलाच पाहिजे' म्हणून घेतलेला गेम लोक एकदा उघडतात आणि मग सेलमधल्या बाकी गेमांखाली दाबून ठेवतात.

शनिवारच्या भांडणाकडे वळू. गुणांचा स्क्रीनशॉट टाकून ते मिटणार नाही. समीक्षकांचे गुण एकत्र करणाऱ्या मेटाक्रिटिकवर रेड डेड २ ला ९७ आणि विचर ३ च्या पीएस ४ आवृत्तीला ९२ आहेत. या पाच गुणांच्या फरकाने काय सिद्ध होतं? ते आकडे समीक्षकांनी गेम बाजारात येता-येता दिलेल्या गुणांची सरासरी आहे. विचर मे २०१५ मध्ये आला तेव्हा अक्षरं बारीक होती, त्यातला नायक गेराल्ट वळायला ट्रकसारखा वेळ घ्यायचा. नंतरच्या अपडेटमध्ये चालण्याचा पर्यायी प्रतिसाद आला (सेटिंग्जमध्ये आहे, पीएस ४ वाल्याने तो लावूनच खेळावं), अक्षरं मोठी झाली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये पीएस ५ आणि नव्या एक्सबॉक्ससाठी मोफत अपडेट येऊन ६० फ्रेम्सचा मोड मिळाला. ९२ तिथेच राहिले.

आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोण कुठली आवृत्ती खेळून बोलतंय? पीएस ५ वर ६० फ्रेम्समध्ये विचर खेळलेला, आणि पीएस ४ वर ३० फ्रेम्समध्ये रेड डेड खेळलेला, असे दोघं 'कुठला स्मूथ आहे' यावर भांडत असतील तर ते कन्सोलांची तुलना करताहेत. पीएस ४ वर विचरमध्ये मेलं की लोडिंगला बराच वेळ बघत बसावं लागतं. तो त्रास भोगलेला माणूस विचरला चार शिव्या जास्त देणारच.

'भारी कोणता' हा प्रश्न बदलून बघा. मिशन चालू असताना वाकडी वाट धरली तर काय होतं? रेड डेडमध्ये मिशन फसतं. जग अवाढव्य आणि मोकळं, पण मिशनमध्ये शिरलं की दिग्दर्शक सांगेल तिथेच उभं राहायचं. विचरमध्ये लढाई चार दिवसांत तीच ती वाटू लागते, पण व्हेलेनमधल्या बॅरनच्या प्रकरणासारखं लेखन इतर गेमांच्या मुख्य कथेतही मिळत नाही. वाटेत सहज घडणाऱ्या गोष्टी कुठे जास्त जिवंत? इथे रेड डेड हात धरू देत नाही : अनोळखी माणूस साप चावला म्हणून हाक मारतो, त्याला वाचवलं तर पुढे कधीतरी तोच गावात भेटून बंदुकीचे पैसे भरतो. असे प्रश्न घेतले की पाच जण पाच वेगळ्या गोष्टी सांगतात, आणि तुमच्यासारख्याला पुढच्या वेळी कुणाला काय सुचवायचं ते फुकटात कळतं. एक अट मात्र घाला : ज्याने गेम संपवलेला नाही त्याच्यादेखत शेवट बोलायचा नाही. रेड डेडच्या बाबतीत तर जास्तच.

राहिलं नवं जोडपं. हात झटकू नका. त्याने एवढं होऊनही तुम्हालाच विचारलं आहे.

तुमच्या मनात इट टेक्स टू आला असणार. २०२१ चा, दोघांनीच खेळायचा, पडदा दुभागलेला, एकच प्रत पुरते, चौदाएक तास. निवड बरोबर आहे, पण पहिल्याच दिवशी नको. कंट्रोलर न धरलेल्या माणसाला बटणं अवघड जात नाहीत. अवघड जातं ते डाव्या अंगठ्याने चालायचं आणि त्याच वेळी उजव्याने बघायचं. नवखा माणूस हमखास छताकडे बघत भिंतीत चालत राहतो. म्हणून पहिले दोन-तीन दिवस ॲस्ट्रोज प्लेरूम. पीएस ५ मध्ये तो आधीच असतो, काढून टाकला असेल तर स्टोअरवर मोफत मिळतो. तो एकट्याने खेळायचा आहे. तिने खेळावं, त्याने शेजारी बसावं, आणि कितीही हात शिवशिवले तरी 'दे, मी करून देतो' म्हणून कंट्रोलर ओढून घेऊ नये. नवखी माणसं गेमिंग सोडतात ती बहुधा या वाक्याला.

त्यानंतर ओव्हरकुक्ड : ऑल यू कॅन ईट. यात कॅमेरा सांभाळावा लागत नाही, कंट्रोलरवरची एक काठी (स्टिक) आणि दोन-तीन बटणं. कांदा चिरा, भात लावा, ताट द्या, भांडी घासा. असिस्ट मोड चालू केला की वेळ जास्त मिळतो. स्वयंपाकघरात कुणी काय करायचं यावरून आरडाओरडा होतो, तो गेमचाच भाग आहे, पण नव्या संसारात रोज तासाभरापेक्षा जास्त नको.

मग इट टेक्स टू. कॅमेऱ्याचा वेग कमी करून ठेवा, सबटायटल लावा. सुरुवातीला मे आणि कोडी यांच्यातलं एक पात्र निवडायचं असतं. पहिल्या प्रकरणात कोडीला नेम धरून खिळे फेकावे लागतात, मेकडे हातोडा असतो. तिला मे घेऊ द्या. पुढे दोघांनाही नेम धरावा लागतो, पण तोवर हात बसलेला असतो. मेल्याने काही बिघडत नाही, एक बटण भराभर दाबलं की पात्र परत येतं. बॉसपुढे दोघं एकदमच मेले तरच मागे जावं लागतं. एक गोष्ट मात्र मित्राला आधी सांगा : कथा घटस्फोटाच्या उंबरठ्यावरच्या नवरा-बायकोची आहे. ती हलकीफुलकी आहे, तरी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात सासूबाई मागे सोफ्यावर बसलेल्या असताना ते माहीत असलेलं बरं. आणि खेळण्यातल्या हत्तीचा एक प्रसंग येतो, तो बऱ्याच जणांना झोंबतो. त्याबद्दल याहून जास्त सांगू नका.

खर्चाचा शेवटचा मुद्दा म्हणजे दुसरा कंट्रोलर. नवा ड्युअलसेन्स (पीएस ५ चा कंट्रोलर) साधारण सहा हजारांना पडतो, गेमपेक्षा महाग. पण ग्रुपमधल्या पीएस ४ वाल्याचा कंट्रोलर काही दिवस उसना मिळाला तर काम भागतं. तो पीएस ५ वर पीएस ५ चे गेम चालवत नाही, पीएस ४ चे चालवतो. इट टेक्स टूच्या दोन्ही आवृत्त्या मिळतात. तेव्हा इन्स्टॉल करताना मुद्दाम पीएस ४ ची आवृत्ती निवडायला सांगा आणि खेळायला बसण्याआधी तो जुना कंट्रोलर एकदा यूएसबी केबलने जोडून घ्यायला सांगा. केबल मायक्रो यूएसबीची लागेल, पीएस ५ बरोबर आलेली त्यात बसत नाही.